परसातल्या रेल्वेवर विजेची तार: पहिल्यांदाच ओढणाऱ्यांसाठी

परसात मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेवर तार ओढायला घेण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या.

रूळ टाकून झाले, इंजिन दोन फेऱ्या मारून आलं, की हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले. बेळगावातल्या वडगावच्या परसात मी मे महिन्यात हौसेनं एकवीस खांब रोवले आणि गणपती येईपर्यंत त्यातले नऊ निरनिराळ्या दिशांना बघत उभे होते. आमच्याकडची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात बासमती पिकतो, पण वीतभर पाया टिकत नाही. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत हा त्रास कमी, पण तिथला पाऊस रुळांखालची खडी वाहून नेतो. एका पावसाळ्यात रूळ कुठे दबतात ते कळतं. दबलेला रूळ उचलून घ्या, मगच वर बघा. तारेची सगळी मापं रुळावरून घ्यायची असतात, त्यामुळे रूळ हलला की तारही चुकते.

खाली लिहिलंय ते दोन रुळांत ४५ मिमी अंतर (म्हणजे गेज) असलेल्या, साधारण १:३२ मापाच्या गाडीसाठी. गेजच्या बाबतीत मी थोडी चोरी केली आहे, ती आधीच सांगून टाकतो: १६७६ मिमीचं आपलं ब्रॉडगेज १:३२ मध्ये ५२ मिमी भरतं, आणि बाजारात मिळणारा रूळ ४५ चा. सात मिलिमीटर मी पोटात घातले. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी १:२२.५ घेऊन मीटरगेज करावी, ती ४५ मिमीत जवळजवळ तंतोतंत बसते. मिरज–लोंढा मार्गावर जुनी मीटरगेजच होती. पण तिच्यावर कधी तार नव्हती, हेही लक्षात असू द्या.

१. तार जिवंत ठेवायची की शोभेची, हे आधी ठरवा

तीन प्रकार आहेत. नुसती शोभेची तार, पेंटो (इंजिनाच्या टपावरून तारेला टेकणारा हात) तिला टेकतसुद्धा नाही. टेकणारी पण वीज नसलेली तार, म्हणजे गाडी रुळातल्या विजेवर किंवा बॅटरीवर चालते. आणि खरोखर जिवंत तार, जिच्यातून इंजिन वीज घेतं.

नवख्यानं पहिलं वर्ष दुसऱ्या प्रकारात काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तार चुकली तरी गाडी थांबत नाही, आणि चूक कुठे आहे ते पेंटो दाखवतो. पहिल्याच दिवशी वीज सोडलीत तर गाडी थांबल्यावर दोष तारेचा, डब्याचा, सोल्डरचा की पुरवठ्याचा, हे शोधण्यात रविवार संपतो. मात्र खांब आणि ब्रॅकेट पहिल्यापासूनच जिवंत तारेच्या हिशेबानं, इन्शुलेटर घालून करा. नंतर ते काम दुप्पट होतं.

२. खऱ्या तारेकडे बघून घ्या, पण लांबूनच

आता बेळगावात यासाठी कुठं जावं लागत नाही. सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी वंदे भारत इथूनच जाते. स्टेशनच्या फलाटावर किंवा टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी गेटबाहेर अर्धा तास उभं राहिलात तरी पुस्तकापेक्षा जास्त कळेल. खांबापासून खांबापर्यंत झोळीसारखी लोंबते ती कॅटेनरी. तिला उभ्या बारीक तारांनी, म्हणजे ड्रॉपरांनी, टांगलेली, रुळाला समांतर जाते ती कॉन्टॅक्ट वायर. आणि काही खांबांवर कप्पीला वजनांची चळत लोंबत असते, तिच्याबद्दल पुढे.

मापं घ्यायला म्हणून रुळांत उतरू नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी जाणं गुन्हा आहे, आणि वर २५,००० व्होल्ट असतात. सेल्फी स्टिक वर केली तर तारेला हात लावावा लागत नाही. मापं मीच देतो. रेल्वेत ओएचईवर (रुळांवरच्या विजेच्या तारांवर) काम केलेले शेजारचे काका आहेत, त्यांच्याकडून तपासून घेतली आहेत:

– तारेची उंची रुळाच्या माथ्यापासून ५.६० मीटर, १:३२ मध्ये १७५ मिमी.
– खांबापाशी कॅटेनरी आणि कॉन्टॅक्ट वायर यांतलं अंतर १.४० मीटर, आपलं ४४ मिमी.
– रुळाच्या मध्यापासून खांबाचं अंतर २.८० मीटर, आपलं ८८ मिमी.
– दोन खांबांतलं जास्तीत जास्त अंतर ७२ मीटर. आपलं सव्वादोन मीटर.

यातलं शेवटचं विसरा. सव्वादोन मीटरचा स्पॅन परसात कावळा बसला की झोका होतो. सरळ रुळावर मी ९० सेंमी ते १ मीटर ठेवतो.

आणि खांब ८८ मिमीवर ठेवण्याआधी तुमचा सगळ्यांत लांब डबा वळणावरून ढकलून बघा. वळणावर डब्याचं पोट आतल्या बाजूला येतं आणि तोंड बाहेर जातं. आमच्या वळणावर मला ११० मिमी सोडावे लागले.

३. वळणावरच्या खांबांचा हिशेब

इथं बहुतेकांची गाडी अडते. तार दोन खांबांत सरळच जाणार, रूळ मात्र वळणार. मग स्पॅनच्या मधोमध तार रुळाच्या मध्यापासून किती सरकते? स्पॅनचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट.

समजा तुमची त्रिज्या १२०० मिमी आणि स्पॅन ६०० मिमी. ३,६०,००० भागिले ९६०० म्हणजे साडेसदतीस मिमी. खांबापाशी तार बाहेरच्या बाजूला निम्मी सरकवली तरी दोन्हीकडे १९-१९ मिमी येतात, आणि माझ्या पेंटोची कामाची पट्टी सगळी मिळून ४० मिमी. म्हणजे कडेलोटाच्या काठावर. तोच स्पॅन ४४० मिमी केला की सरकणं २० मिमीवर येतं, दोन्हीकडे १०-१०. हे चालतं. त्रिज्या २००० असेल तर ५६० मिमीपर्यंत जाता येईल, ६०० असेल तर ३१० च्या वर नको.

पेंटो बोगीच्या (इंजिनाखालच्या वळणाऱ्या चाकांच्या चौकटीच्या) बरोबर वर नसेल तर तो स्वतःही वळणावर थोडा सरकतो, म्हणून आकडा शेवटपर्यंत ताणू नका. खांब वाढले म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

सरळ रुळावर उलट. तिथं तार मुद्दाम नागमोडी ठेवायची, एका खांबावर डावीकडे, पुढच्यावर उजवीकडे. याला स्टॅगर म्हणतात. खऱ्या लाईनवर सरळ रुळावर तो २०० मिमी असतो, आपल्याकडे ६. तार एकाच जागी घासत राहिली तर पेंटोच्या पट्टीत करवतीसारखी खाच पडते, म्हणून हा प्रपंच.

४. सामान

– कॉन्टॅक्ट वायरसाठी १ मिमीच्या आसपासची उघडी तांब्याची तार (१८ ते २० गेज). दुकानदार कानडी असेल तर ‘ताम्रद तंती’ म्हणा, काम लवकर होतं.
– वळणांसाठी १.६ मिमीचे तांब्याचा मुलामा दिलेले वेल्डिंग रॉड. टिग वेल्डिंगचे, एक मीटर लांबीचे. उद्यमबागेतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारा.
– ड्रॉपरसाठी पितळेची बारीक तार.
– खांबांसाठी ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं छोटं चॅनेल, आणि प्रत्येकी ६ मिमीचा आटेवाला रॉड, दोन नट, दोन वॉशर.
– इन्शुलेटरसाठी चिनी मातीचे मणी. शेगडीच्या कॉइलच्या टोकांना घालतात तेच, इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात मिळतात.
– ६० वॅटचं किंवा त्याहून मोठं सोल्डरिंग आयर्न. रेडिओचं २५ वॅटचं आणलंत तर तारच उष्णता ओढून नेते आणि सोल्डर राखेसारखं बसतं.
– ओळंबा, लेव्हल बाटली, पक्कड, कानस, पॉलिश पेपर, प्लायवूडचा मीटरभर तुकडा, चुका.

एक सापळा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार सुरेख दिसते, सरळ असते, स्वस्तही मिळते. तिच्यावर इनॅमलचं पारदर्शक कवच असतं. मी आठ मीटर ओढून, ड्रॉपर टांगून, गाडी उभी करून कळ दाबली, आणि काही नाही. मीटर लावला तेव्हा कळलं की टोकं सोडून सगळी तार झाकलेली आहे. टोकं मीच खरडली होती, सोल्डर धरत नाही म्हणून, आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

५. खांब

खड्डा वीतभर खोल, आणि काळ्या जमिनीत दीड वीत. तळाला खडी, वर १:२:४ काँक्रीट, त्यात आटेवाला रॉड उभा. रॉडचा चार बोटं भाग वर राहू द्या. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. खाली एक नट, वर एक नट, मधे खांबाची पट्टी, म्हणजे पुढच्या वर्षी जमीन हलली तरी पाना लावून खांब ओळंब्यात आणता येतो. माझे पहिले नऊ खांब असे असते तर एका संध्याकाळचं काम होतं. ते पहारीनं उपटावे लागले.

वळणावर ताणलेली तार नेलीत तर ती खांबाला आत ओढते; पुढे सांगितलेल्या सुट्या सांगाड्यांना ताण नसतो, तिथं हा प्रश्न नाही. ताणलेल्या तारेसाठी वळणावरचे खांब ओळंब्यात उभे न करता बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिमी झुकते ठेवा. तार चढली की ते आपोआप सरळ होतात. तार जिथं संपते त्या टोकाच्या खांबाला मागून तिरका ताणा द्यायलाच हवा. तंबूला देतात तसा.

६. ब्रॅकेट, आणि तारेच्या खालच्या अंगाचा नियम

खांबावरून तार पेलणारा त्रिकोणी हात म्हणजे ब्रॅकेट. तो पितळेच्या दोन मिमी सळीतून वाकवा, खांबाला जोडताना मधे चिनी मातीचा मणी घाला. त्याच्या खालून निघणारा बारीक हात, स्टेडी आर्म, तारेला डावी-उजवी धरतो.

नियम एकच, पण तो मोडला की पेंटोच मोडतो: कॉन्टॅक्ट वायरच्या खालच्या अंगाला काहीही येता कामा नये. सोल्डरचा थेंब नको, तारेचा वेढा नको, हुकाचं टोक नको. खऱ्या तारेला दोन्ही बाजूंनी खोबण असते ती याचसाठी. क्लिपा त्या खोबणीत वरून धरतात आणि पोट मोकळं राहतं. आपल्या १ मिमी तारेला कुठली खोबण? तर पितळेच्या पत्र्याचा तांदळाएवढा तुकडा तारेच्या पाठीवर उभा सोल्डर करा, त्याला भोक पाडा आणि स्टेडी आर्मचं टोक त्या भोकात सैल अडकवा. सैल, कारण तार उन्हात सरकणार आहे.

७. वळणावर सांगाडे, सरळीवर ताण

पहिल्यांदा मी सगळीकडे एकच पद्धत वापरली आणि फसलो. आता वळणावर वेगळी आणि सरळीवर वेगळी.

वळणावर प्रत्येक स्पॅन सुटा बनवायचा. प्लायवूडवर स्पॅनचं चित्र काढा, वर कॅटेनरीची झोळी, खाली सरळ कॉन्टॅक्ट वायर, मधे चार-पाच ड्रॉपर. रेषांच्या दोन्ही बाजूंना चुका ठोका. वेल्डिंग रॉड त्यात बसवून ड्रॉपर सोल्डर करा. पाटावरून उचलला की सांगाडा स्वतःच्या ताकदीवर सरळ राहतो, ताण लागत नाही. एका संध्याकाळी सहा होतात. या रॉडचा मुलामा घासून गेला की आतलं लोखंड गंजतं. वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागतील. स्वस्त आहेत, बदला.

सरळ भागावर अखंड तांब्याची तार, आणि तिला ताण.

तार आधी कडक करून घ्या. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत गुंडाळून सावकाश मागे झुका. थोड्या वेळानं हाताला ती किंचित ‘सुटल्यासारखी’ लागते, हातभर-दीड हात लांबते, आणि सोडली की काठीसारखी सरळ पडते. सगळे बाक गेलेले असतात. हे करताना तारेच्या रेषेत कुणी उभं राहू नये आणि डोळ्यांवर चष्मा हवा. तुटली तर ती चाबकासारखी येते.

आता ताण कशानं द्यायचा? दोन्ही टोकं खांबांना पक्की बांधून टाकावीत असं वाटतं. मी जानेवारीच्या सकाळी तशीच बांधली होती, सतारीसारखी वाजत होती. एप्रिलच्या दुपारी तिच्या झोळ्या झाल्या. हिशेब सोपा आहे. तांबं एका अंशाला मीटरमागे ०.०१७ मिमी वाढतं. तीस अंशांच्या फरकानं एका मीटरला अर्धा मिमी. अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण एक मीटरचा स्पॅन अर्धा मिमी लांब झाला की मधोमध तो सुमारे १४ मिमी खाली येतो. आणि एप्रिलमध्ये बांधाल तर डिसेंबरच्या पहाटे तीच तार खांब आत ओढेल.

म्हणून स्टेशनजवळच्या खांबांवर ती वजनांची चळत असते. खऱ्या लाईनवर दोन्ही तारांना प्रत्येकी १००० किलोचा ताण असतो. तार वाढली की वजन खाली उतरतं, आकसली की वर चढतं, ताण तेवढाच राहतो. आपणही तेच करायचं. एक टोक पक्कं, दुसरं टोक कप्पीवरून घेऊन खाली किलोभर वजन. मी मोठे वॉशर दोरीत ओवले आहेत. एक किलोला १ मिमी तारेची एक मीटर स्पॅनमधली झोळी एक मिमीसुद्धा होत नाही. आठ मीटरच्या सरळीला वजन वर्षभरात चार-पाच मिमी वरखाली होतं, म्हणजे ते जमिनीपासून दोन बोटं वर असलं तरी पुरे. कप्पीत पालापाचोळा अडकू देऊ नका. आणि मांजराला ते लोंबणारं वजन खेळणं वाटतं, त्याच्याभोवती पाईपचा तुकडा उभा करा.

८. सांधे

सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो तिथं, दोन तारा एकत्र येतात आणि पेंटोचं शिंग (पट्टीचं वाकलेलं टोक) दुसऱ्या तारेच्या वर जाऊन अडकतं. मग पेंटो, ब्रॅकेट आणि कधी खांब, असं सगळं एकदम जमिनीवर येतं.

उपाय: बाजूच्या लाईनीची तार मुख्य तारेच्या वरून ओलांडून न्या, खालून कधीच नाही. दोघी पेंटोच्या रुंदीच्या आत येण्याआधी बाजूची तार दोन-तीन मिमी उंच असू द्या, आणि जिथं ओलांडतात तिथं एक सैल फास वरून घाला, म्हणजे एक उचलली की दुसरीही उचलली जाते. पहिल्या मांडणीत दोनच सांधे ठेवा. यार्ड पुढच्या वर्षी.

९. वीज सोडताना

तारेत एक टोक, दोन्ही रूळ मिळून दुसरं टोक. इंजिनाच्या आत पूर्वी डाव्या-उजव्या चाकांतून येणारी वीज आता पेंटो आणि सगळी चाकं यांतून घ्यायची, म्हणजे आतली जोडणी बदलावी लागते. रुळांना जुना दोन-रूळ पुरवठा जोडलेला राहिला तर पहिल्याच क्षणी शॉर्ट होईल. तो काढून टाका. एक फायदा मात्र फुकट मिळतो: गोल फिरून त्याच रुळावर उलटं येणारी लूप टाकली की दोन रुळांत जो शॉर्ट होतो, तो इथं होतच नाही, कारण दोन्ही रूळ एकच.

२४ व्होल्ट डीसीच्या वर जाऊ नका. पुरवठा घरात, कोरड्या जागी. मेनला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ). तारेकडे जाणाऱ्या वायरला फ्यूज. पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून २३० व्होल्ट ‘कमी’ करायची कल्पना मला एकानं सुचवली होती. मरायची सोय आहे ती. त्यात घरची लाईन तारेला थेट जोडलेलीच राहते. आयसोलेटेड, म्हणजे घरच्या लाईनीशी थेट न जोडलेला, पुरवठाच हवा.

१ मिमी तांब्याच्या तारेला दहा मीटरला ०.२२ ओहम रोध असतो, तीन अँपिअरला पाऊण व्होल्टही पडत नाही. पण तुमच्या वळणांवर लोखंडी रॉड आहेत आणि जोड आहेत. म्हणून दर पाच मीटरला २.५ चौ. मिमीच्या वायरनं खालून पुरवठा द्या.

पेंटोची पट्टी तांब्याची ठेवलीत तर तारही झिजेल आणि पट्टीही. मिक्सरचा कार्बन आणा, कानशीनं घासून पट्टी करा. दाब १५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर इंजिन उलटं धरून पेंटो टेकवला की कळतो. पंचवीस ग्रॅमला माझी तार स्पॅनच्या मध्यात सहा मिमी उचलली जात होती आणि पुढच्या ब्रॅकेटवर पट्टी आपटत होती.

१०. चाचणी

इंजिन आधी सोडायचं नाही. एका रिकाम्या वाघिणीवर लाकडाची उभी काठी बसवा, माथ्यावर १७५ मिमीवर आडवी पट्टी, तिच्यावर मध्यापासून १० आणि १८ मिमीवर दोन्हीकडे पेन्सिलीच्या खुणा. हातानं ढकलत सगळी लाईन फिरा. तार १० च्या आत असेल तर उत्तम, १८ च्या बाहेर गेली तर तिथं चुन्यानं खूण करा आणि खांब बघा.

दुसऱ्या फेरीला त्या पट्टीवर जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा ताणून बांधा. जिथं सोल्डरची कुस असेल तिथं ओढणीचा धागा अडकतो. बोटाला न लागणारी कुस ओढणीला सापडते. मला पहिल्या फेरीत चौदा सापडल्या. प्रत्येक कानशीनं उतरवली, पुन्हा फिरलो, अजून तीन. मग इंजिन, दिवसा, सावकाश. नंतर एकदा रात्री, दिवे मालवून: जिथं निळी ठिणगी पडते तिथं पेंटो उडतोय.

११. मिरगाच्या आधी

वळणांवरचे सांगाडे मी मे अखेरीला उतरवतो. हुकांवरून सुटतात, अर्धा तास लागतो. प्रत्येकाला खांबांच्या नंबरची चिठ्ठी बांधा, कारण सगळे सारखे दिसतात आणि एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. सरळीवरची तांब्याची तार तशीच राहू द्या, फक्त वजन काढून ठेवा आणि पुरवठ्याची वायर घरातून सोडवा. विजा चमकत असताना ती जोडलेली नको. दसऱ्याच्या आसपास हिरवट पडलेली तार स्कॉचब्राइटनं पुसून घ्या, ओळंबा घेऊन सगळे खांब एकदा बघा, आणि सातव्या-आठव्या खांबांच्या मधे कोळ्यानं जाळं केलं असेल तर तेही काढा. आमच्याकडे तो दरवर्षी तिथंच करतो.